आधी खोली, मग स्पीकर

मुरुड म्हटले की मुंबई-पुण्याच्या मुलांना समुद्र आणि जंजिरा आठवतो. येथे ज्या मुरुडविषयी लिहायचे आहे ते कोकणातले नव्हे. ते लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. येथे समुद्र नाही. काळी जमीन आहे, तूर आहे, सोयाबीन आहे आणि जुन्या गावठाणात मातीच्या घरांशेजारी उभी राहिलेली सिमेंटची नवी घरे आहेत. हौसेने गाणे ऐकणारी माणसे आमच्या या भागात पूर्वीपासून आहेत. पूर्वी ती रेडिओला कान लावत, मग टेपरेकॉर्डर आले, आता मोबाईलवरून चालणारे स्पीकर आले. घर नवे बांधले की पुष्कळ जण एक खोली गाण्यासाठी ठेवतात, त्यात मोठे स्पीकर आणतात, आणि पहिल्याच दिवशी हिरमुसतात. दुकानात खणखणीत वाजलेला तबला घरी आल्यावर नुसता घुमतो. गायिकेचे शब्द कळत नाहीत. मग दुकानदार सांगतो, याहून मोठे स्पीकर घ्या.

माझे मत याच्या नेमके उलट आहे. स्पीकर आहेत तेच राहू द्या, खोली सुधारा. हे मत का, ते थोड्या हिशेबाने सांगतो. हिशेब आठवी-नववीच्या मुलांना जमण्याजोगा आहे, तेव्हा पेन्सिल जवळ असू द्या.

आपल्या कानात पोचणारा आवाज दोन वाटांनी येतो. एक सरळ, स्पीकरपासून कानापर्यंत. दुसरा आडवाटेने, म्हणजे भिंतीवर, छतावर, फरशीवर आपटून, परत फिरून, पुन्हा आपटून. मोठ्या डोंगराच्या कड्यासमोर ओरडले की हा दुसरा आवाज वेगळा ऐकू येतो. त्याला आपण प्रतिध्वनी म्हणतो. खोलीत मात्र भिंत इतकी जवळ असते की परतलेला आवाज मूळ आवाजापासून वेगळा काढता येत नाही. पाच मीटर दूरच्या भिंतीवरून तो जाऊन-येऊन दहा मीटर चालतो आणि सेकंदाच्या सुमारे तेहतिसाव्या भागात परत येतो. असे शेकडो परतलेले आवाज एकमेकांत मिसळून मूळ आवाजाला शेपूट लावतात. या शेपटाचे नाव निनाद. आवाज बंद केल्यावर त्याची ऊर्जा दशलक्षांश होईपर्यंत जो वेळ लागतो तो निनादकाल.

हा निनादकाल मोजण्याची आणि आधीच सांगण्याची युक्ती प्रथम सापडली ती अमेरिकेतल्या वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने फॉग संग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले होते, आणि त्यात व्याख्यात्याचे बोलणे कुणालाच कळत नव्हते. विद्यापीठाने सॅबाइनला सांगितले, यावर काहीतरी करा. त्याच्याजवळ आजची यंत्रे नव्हती. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान, एवढ्यावर त्याने काम केले. आसपास शांतता असावी म्हणून तो मध्यरात्रीनंतर बसे. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या उश्या तो मदतनिसांकरवी उचलून आणी, व्याख्यानगृहात मांडी, निनाद किती सेकंद टिकतो ते मोजी, आणि सकाळी नाट्यगृह उघडण्यापूर्वी सगळ्या उश्या परत नेऊन ठेवी. रिकाम्या सभागृहात निनाद साडेपाच सेकंदांहून अधिक टिकत होता. उश्या वाढवत गेले तसा तो कमी होत गेला आणि शेवटी एका सेकंदाच्या थोडा वर येऊन थांबला. अंगावरच्या कपड्यांनीही फरक पडतो असे लक्षात आल्यावर सॅबाइन दर रात्री तेच ते कपडे घालून मोजमापे घेऊ लागला. याला म्हणतात प्रयोग!

या रात्रीच्या हमालीतून निघालेले सूत्र एका ओळीचे आहे. खोलीचे आकारमान घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६ ने गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर सेकंदांत येईल. शोषण मोजण्याचे माप सॅबाइनने फार सुरेख निवडले. ते म्हणजे उघडी खिडकी. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषण एक. एखाद्या वस्तूचा एक चौरस मीटर भाग अर्धा आवाज खात असेल, तर तो अर्ध्या चौरस मीटर खिडकीइतका झाला. पुढे बॉस्टन येथील सिम्फनी हॉल या सूत्राच्या आधाराने बांधला गेला. १९०० साली तो उघडला आणि आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याची गणना होते.

आता मुरुडमधली एक नवी खोली समजू. लांबी पाच मीटर, रुंदी चार, उंची तीन. आकारमान साठ घनमीटर. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर रंग. सगळे पृष्ठभाग मिळून चौऱ्याण्णव चौरस मीटर भरतात. असले कठीण, गुळगुळीत पृष्ठभाग शंभरातला दोन-तीन भाग आवाज खातात आणि बाकीचा परत फेकतात. तीन भाग धरले तर चौऱ्याण्णव गुणिले ०.०३, म्हणजे सुमारे २.८. ऐकणारा एक माणूस बसला आहे, त्याचे ०.४ धरा. एकूण ३.२. आता साठ गुणिले ०.१६ म्हणजे ९.६; त्याला ३.२ ने भागले. उत्तर आले तीन सेकंद!

तीन सेकंद म्हणजे काय, ते गाण्याच्या भाषेत पाहू. द्रुत लयीत तान घेताना गायक सेकंदाला आठ स्वर सहज घेतो. तीन सेकंद निनाद असलेल्या खोलीत पुढचा स्वर येईपर्यंत मागच्या स्वराची ऊर्जा अर्ध्याहून थोडी अधिक शिल्लक असते. म्हणजे गायकाने एकेक मणी सुटा ठेवला, आणि खोलीने सगळ्यांचा गोळा केला. निनाद अर्ध्या सेकंदावर आणला तर तेवढ्याच वेळात मागच्या स्वराची ऊर्जा बत्तिसाव्या भागावर येते. मग तान दाणेदार ऐकू येते. स्पीकर लाखाचा असो की पाच हजारांचा, हा हिशेब बदलत नाही, कारण यात स्पीकर कुठे आलेलाच नाही. मोठा स्पीकर आणला की गोळा मोठ्याने ऐकू येतो, इतकेच.

गावातली वडीलधारी मंडळी म्हणतील, आमच्या माळवदाच्या घरात असे होत नव्हते. त्यांचे म्हणणे खरे आहे. माळवदाच्या घराच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात जाड. आतून माती आणि शेणाचा लेप. तो सिमेंटसारखा गुळगुळीत व टणक नसतो, भुसभुशीत असतो. वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर. भिंतीत देवळ्या, फडताळे, कोपऱ्यात उतरंड, धान्याचे बळद, एका बाजूला वाकळांची चळत. एकही पृष्ठभाग सपाट नाही. आवाज जेथे आपटेल तेथे थोडा मुरे आणि उरलेला दहा दिशांना पांगे. शिवाय बैठक असली की खाली सतरंजी, गाद्या, त्यांवर चादर, लोड-तक्के आणि पन्नास माणसे. एकेक माणूस ०.४ धरला तरी वीस चौरस मीटर खिडक्या झाल्या! गाण्याची बैठक भरवणाऱ्यांनी सॅबाइनचे नावही ऐकले नव्हते, पण त्यांची खोली बॉस्टनच्या प्राध्यापकालाही नापसंत झाली नसती.

म्हणून मातीच्या घरांकडे परत जावे काय? मला तसे वाटत नाही, आणि या बाबतीत जुन्याची हळहळ करणाऱ्यांशी माझे पटत नाही. आपल्या खोलीवर माळवद आहे आणि मातीचा थर दीड फूट आहे असे समजा. वीस चौरस मीटर गुणिले ०.४५, म्हणजे नऊ घनमीटर माती. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे सोळाशे किलो धरले, तर डोक्यावर चौदा टनांहून अधिक ओझे झाले. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, म्हणजे ओझे वाढतच जाते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यांतली पुष्कळ झोपेत, चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि मातीची छपरे अंगावर कोसळून. तो थंडावा, ती शांतता आणि तो गोड आवाज त्या वजनासकट मिळत होता. सिमेंटची घरे नीट बांधली असतील तर ती आपल्याला हवीच आहेत. त्यांचा एक दोष काढायचा आहे, आणि तो पंधरा-वीस किलो कापसाने निघतो.

येथे एक घोटाळा दूर करतो. आवाज खोलीच्या आत मुरवणे आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक दोन्हींना ‘साउंडप्रूफ’ असे एकच नाव देतात आणि फसतात. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते. माळवदाचा दर चौरस मीटरला सातशे किलो भार होता, म्हणून पाऊस बाहेर कोसळत असला तरी आत गुंजन ऐकू येई. पाच इंची स्लॅबचे वजन तीनशे किलोच्या आसपास. पत्र्याचे फक्त पाच-सहा किलो, म्हणून पत्र्याखाली पावसात गाणे तर सोडाच, शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. कापूस, फोम, चादरी हे सगळे हलके आहे. भिंतीला कितीही कापूस लावला तरी रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज त्याने थांबणार नाही, आणि तुमचे गाणे शेजाऱ्याला ऐकू जाणेही थांबणार नाही. तेव्हा रात्री दहानंतर आवाज कमी ठेवावा, हे बरे.

आता कापूस आवाज कसा खातो ते पाहा, कारण येथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. आवाज म्हणजे हवेचे मागे-पुढे हलणे. कापसाच्या तंतूंमधून हवा ये-जा करते, घर्षण होते, आवाजाच्या ऊर्जेची उष्णता होते. ही उष्णता इतकी थोडी की हाताला कळणार नाही. पण घर्षण व्हायला हवा हलायला हवी. टणक भिंतीला अगदी चिकटून हवा हलूच शकत नाही, कारण पुढे भिंत आहे. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. सतराशे हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी वीस सेंटिमीटर, तिचा पाव भाग पाच सेंटिमीटर. म्हणजे हा स्वर पकडायला पाच सेंटिमीटर जाडीची गादी पुरे. पण डग्ग्याचा पंच्याऐंशी हर्ट्झचा घुमारा घ्या. तरंगलांबी चार मीटर, पाव भाग एक मीटर! भिंतीला चिकटवलेली पातळ चादर त्याच्यापुढे नसल्यासारखी.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची जी टूम आहे तिचा निकाल येथेच लागतो. कागदाच्या लगद्याचा तो पातळ पत्रा. उंच स्वर तो थोडे पांगवतो आणि थोडे खातो, खालचे स्वर जसेच्या तसे परत पाठवतो. परिणाम असा की सतारीची चमक जाते आणि डग्ग्याचा गोंगाट राहतो. खोली पूर्वीहून वाईट होते, वर पाली आणि झुरळांची सोय होते ती वेगळीच. महागडा टोकदार फोम थोडा बरा, पण तोही पातळ असेल तर दोष तोच. आणि फोमचा एक धोका फार गंभीर आहे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ नावाच्या गाण्याच्या क्लबमध्ये शोभेची दारू उडवली गेली आणि रंगमंचामागे भिंतीला लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. त्या आगीत शंभर माणसे मृत्युमुखी पडली. तो फोम आवाज कमी करण्यासाठीच लावलेला होता. साधा, अग्निरोधक नसलेला फोम भिंतीला लावून त्या खोलीत मुलांना बसवणे मला मान्य नाही, मग तो कितीही स्वस्त मिळो.

मग लावायचे काय? आपल्याकडे जे आहे ते. पिंजाऱ्याकडचा कापूस, जुन्या गाद्या, वाकळा, आणि आडत बाजारातला बारदाना. एक मीटर वीस सेंटिमीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल अशी लाकडी चौकट सुताराकडून करून घ्यावी. आत पिंजलेला कापूस सैलसर भरावा, दाबून नव्हे. दाबला तर हवेला आत शिरायला वाट राहत नाही. पुढून बारदान किंवा विरळ विणीचे कापड ताणून लावावे. रेक्झिन किंवा प्लॅस्टिक लावू नये, त्यातून हवा जात नाही. ही चौकट भिंतीला चिकटवून न लावता मध्ये आठ-दहा सेंटिमीटर मोकळे सोडून टांगावी. पाव तरंगलांबीचा नियम आठवला म्हणजे ही पोकळी फुकटात किती काम करते ते कळेल. कापूसही पेटतो, म्हणून दिवे, बटणे आणि तारा यांपासून चौकटी दूर असाव्यात. ऐपत असेल तर कापसाऐवजी न जळणारी दगडी लोकर घालावी. वर्षातून दोनदा उन्हात टाकल्या की कुबट वास येत नाही. उंदरांचा बंदोबस्त ज्याचा त्याने पाहावा!

अशा अकरा चौकटी म्हणजे आठ चौरस मीटर. दर मीटरला ०.८ धरले तर शोषण ६.४. खाली जाड सतरंजी, त्याचे ४. बाजेवर कापसाची गादी, २. खिडक्या-दारांना चुण्या पाडून लावलेले जाड पडदे, ३. पुस्तकांचे एक उघडे कपाट, १.२. आधीचे ३.२ मिळवले की बेरीज वीसच्या आसपास जाते. ९.६ भागिले वीस, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. तीन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आलो. यासाठी एका चांगल्या स्पीकरपेक्षा बराच कमी खर्च येतो, आणि गादी, सतरंजी, पुस्तके तर घरात असतातच.

चौकटी कोठे टांगाव्यात यासाठी आरशाची एक गंमत आहे. प्रकाशाप्रमाणे आवाजही आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे ठेवतो. तुम्ही ऐकायच्या जागी बसा. मित्राला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जेथे स्पीकर दिसेल, तेथून स्पीकरचा आवाज पहिल्या उडीत तुमच्या कानावर येतो. पहिली चौकट तेथे. समोरच्या दोन भिंतींमध्ये उभे राहून टाळी वाजवली तर कधी कधी पत्र्यावर खडे घरंगळल्यासारखा फर्र आवाज येतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा टोलवत असतात त्याची ती खूण. त्या दोहोंपैकी एकीवर कपाट किंवा चौकट आली की तो थांबतो.

राहिला डग्गा. खालच्या स्वरांचे दुखणे निराळे आहे. खोलीची लांबी पाच मीटर असेल तर चौतीस हर्ट्झचा स्वर, त्याची दुप्पट, तिप्पट, असे काही ठराविक स्वर त्या लांबीत नेमके बसतात आणि फुगतात. हाच अनुनाद. चार मीटर रुंदीचे साडेबेचाळीस आणि पंच्याऐंशी, तीन मीटर उंचीचे सत्तावन्न आणि एकशे तेरा, असे प्रत्येक मापाचे आपापले लाडके स्वर असतात. खोली चौकोनी ठोकळा असेल, तिन्ही बाजू सारख्या, तर तिघींचे लाडके स्वर एकच होतात आणि तो एक स्वर असह्य होतो. म्हणून घर बांधतानाच गाण्याची खोली लांबी, रुंदी, उंची या तिन्हींत निरनिराळी ठेवावी. याला एक पैसाही जास्त लागत नाही. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर यांतले काही स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि भिंतीला टेकलात तर दुप्पट वाटतात. खुर्ची दोन हात पुढे-मागे सरकवून पाहणे हा जगातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि सर्वांत कमी लोक तो करतात. बाकी, कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत कापसाच्या जाड लोडांची चळत उभी केली तर बराच उतार पडतो, कारण खालचे सगळे लाडके स्वर कोपऱ्यात येऊन जमतात.

रिकाम्या घागरीच्या तोंडावर हळूच फुंकर घालून पाहा. घुम् असा जो स्वर निघतो, तो स्वर खोलीत आला की घागरीतली हवा डोलू लागते, आणि तोंडाशी विरळ कापड बांधले असेल तर त्याची ऊर्जा खाऊन टाकते. आपल्या पाणी भरायच्या घागरीचा स्वर साधारण शंभर ते दीडशे हर्ट्झमध्ये पडतो. युरोपातल्या काही जुन्या चर्चच्या भिंतींत अशी मडकी बसवलेली सापडली आहेत. एका घागरीने खोली सुधारत नाही, पण प्रयोग म्हणून शाळेत अवश्य करावा.

डग्ग्याविषयी मी इतका आग्रह धरतो याला कारण आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली तबला-मृदंगावरचे आपले संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. साध्या ताणलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला नीटसा सूर नसतो. तबल्याच्या पुडीवरची काळी शाई थर देऊन अशी घोटलेली असते की त्या वजनामुळे उपस्वर एकपट, दुप्पट, तिप्पट अशा ओळीत येऊन बसतात आणि तबला सुरात बोलतो. हे रामन यांनी दाखवून दिले. पुडीवर शाई घोटणारा कारागीर तासन्‌तास बसून जे जुळवतो, ते आपली चौकोनी खोली एका क्षणात बिघडवते. एका उपस्वराला उचलून धरते, दुसऱ्याला दाबते. कारागिराच्या मेहनतीचा हा अपमान आहे असे मला वाटते.

मात्र उत्साहाच्या भरात सगळ्या भिंती कापसाने मढवू नका. अशा खोलीत आवाज गोधडीखाली बोलल्यासारखा होतो, तंबोऱ्याची आस तुटते, आणि थोड्या वेळाने कानांना दडपण वाटू लागते. ध्वनिमुद्रणात मूळ सभागृहाचा थोडा निनाद आलेला असतोच; त्यावर घरचा थोडासा चढला तर गोडी येते. अर्धा सेकंद हे लहान खोलीचे साधारण माप आहे. कुणाला थोडे अधिक आवडेल, कुणाला थोडे कमी. विज्ञान आकडा सांगेल, आवड ज्याची त्याची.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, गाण्याची वेगळी खोली असणारी घरे गावात किती? मूठभर. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच माझ्या मते हे शास्त्र प्रथम शाळेच्या वर्गात यायला हवे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच असा वर्ग घ्या. आकारमान १६८ घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून १९४ चौरस मीटर. तीन टक्क्यांनी ५.८. चाळीस मुले, दर मुलाचे ०.३, म्हणजे १२. एकूण १७.८. सूत्राने निनाद दीड सेकंद आला. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलाला गुरुजींचे प्रत्येक अक्षर मागच्या सहा-सात अक्षरांच्या धुरळ्यातून शोधावे लागते. वर्गासाठी अनेक देशांत निनादाची मर्यादा ०.६ सेकंदांच्या आसपास धरतात. ज्याला मुळात कमी ऐकू येते, ज्याची घरची बोली वेगळी आहे, किंवा जो इंग्रजी पहिल्यांदाच ऐकतो आहे, त्याचे नुकसान सर्वांत जास्त. शेवटच्या बाकावरचा मुलगा लक्ष देत नाही असे आपण म्हणतो. पुष्कळदा त्याला ऐकूच येत नसते. गुरुजी आवाज चढवतात तेव्हा निनादही तेवढाच चढतो, आणि घसा मात्र गुरुजींचा बसतो.

दीड सेकंदांवरून ०.६ वर यायला आणखी सुमारे सत्तावीस एकक शोषण हवे. छताचा दोन-तृतीयांश भाग न जळणाऱ्या लोकरीच्या तक्त्यांनी झाकला तर ते भरते. तेवढे नाही जमले तरी मागची भिंत आणि छताच्या कडा धरल्या तर निम्मे काम होते. शाळेला रंग देताना, फरशी बदलताना, टीव्हीसंच घेताना जो खर्च होतो त्यात हा बसू शकतो, असे माझे मत आहे. डिजिटल वर्गाचा पडदा कितीही स्वच्छ दिसला तरी त्याचा स्पीकर त्याच दीड सेकंदाच्या घुमटात बोलत असतो.

तुम्ही हे मोजू शकता. शाळा सुटल्यावर, पंखे बंद करून, वर्गाच्या मध्यभागी एक मोठा फुगा फोडा आणि मोबाईलवर आवाज मुद्रित करा. आवाजाची रेषा दाखवणारा एखादा कार्यक्रम बहुतेक मोबाईलवर मिळतो. त्यावर फुगा फुटल्यापासून रेषा सपाट होईपर्यंतचा वेळ वाचा. हे माप ढोबळ असते, कारण शेपटाचे शेवटचे टोक खोलीतल्या इतर आवाजांत बुडून जाते. तरी तुलनेला ते पुरते. मग वर्गातील सर्व मुलांनी घरून एकेक वाकळ आणावी, ती बाकांवर आणि मागच्या भिंतीशी दोऱ्यांवर टांगावी, आणि तसाच फुगा पुन्हा फोडावा. दोन्ही आकडे, वाकळांची संख्या आणि वर्गाची मापे एका कागदावर मांडून सूत्राने येणारे उत्तर शेजारी लिहा. कागद मुख्याध्यापकांना दाखवा, आणि जमल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी वाकळा तशाच टांगलेल्या असू द्या.